रामधनीचा अर्धा राहिलेला बिरहा

रामधनी गेला त्याला आता दीड महिना होईल. मी पिठाच्या गिरणीत उभा होतो, डबा काट्यावर ठेवलेला, तेवढ्यात त्याच्या मुलाचा, संतोषचा, फोन आला. काका, बाबा गेले, म्हणाला. मी नुसतं बरं म्हणालो. माणूस मेल्यावर कोणी बरं म्हणतं का… पण तोंडातून तेवढंच निघालं. दळण तिथेच राहिलं.

मोहने गावातल्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो. मी फिटर, म्हणून तो मला मास्टर म्हणायचा. तो बनारसच्या पुढच्या कुठल्याशा खेड्यातून आलेला. त्याला सगळे भय्या म्हणायचे, मीही म्हणायचो, आणि ते प्रेमाने म्हणायचो असं आता लिहिलं तर खोटं होईल. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने पिशवीतून चार लोखंडी दांडे काढले, वीतभर लांबीचे, टोकाला निमुळते. एकेका हातात दोन-दोन धरून तो बोटांत खेळवायला लागला. त्याला करताल म्हणतात हे मला नंतर कळलं. मी आमच्या वस्तीत जयंतीला ढोलकी वाजवणारा. ताल मला कोणी शिकवावा असं नव्हतं. तरी माझा हात आपोआप जेवणाच्या डब्यावर पडायला लागला, आणि लय पळाली. तो हसून म्हणाला, "मास्टर, तुझा ढोलकी गाडी पकडायला चालला काय?" सगळं खातं हसलं. आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी ढोलकी घेऊन त्याच्या चाळीत गेलो.

त्यानंतर किती वर्षं गेली मोजलं नाही. रविवारी दुपारी चाळीच्या पटांगणात सतरंजी पडायची, त्याच्या मुलखाची माणसं गोल करून बसायची, आणि तो बिरहा गायचा. बिरहा म्हणजे गोष्टच असते, कोण कुठून निघाला, मागे कोण रडत राहिलं, दीड-दीड तास चालणारी. मला अर्धे शब्द कळत नसत, पण बाया कुठे पदर डोळ्याला लावणार हे मी ढोलकीवरूनच ओळखायचो. एक नियम मात्र त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलेला. शेवटच्या कडव्यात आपल्या गुरूचं नाव घ्यायचं. ते घेतल्याशिवाय बिरहा संपत नाही, आणि एक संपल्याशिवाय दुसरा सुरू करायचा नाही. अर्धा राहिला तर त्याच बैठकीतल्या माणसांसमोर पुरा करायचा. तो म्हणायचा, बिननावाचा बिरहा म्हणजे बिनखांद्याचं मढं.

पुढे कारखाना बंद झाला. त्याच्याकडची माणसं कोण गावी गेली, कोण भिवंडीला, कोण कुठे. सतरंजी पडायची थांबली. ठाण्याला वर्तकनगरात बाहेरून आलेल्या लोककलावंतांचा सत्कार करणार असं कोणीतरी सांगितलं, तेव्हा मी तीनदा जाऊन रामधनीचं नाव लावलं. चौथी शिकलेला माणूस मी, पण अर्ज स्वतः लिहिला. त्याला म्हटलं, आता बघ, शाल घालतील. तो म्हणाला, शालीचं काय मास्टर, गायला देतील ना?

दिली दहा मिनिटं. त्याने गोष्ट कापून-कापून छोटी केलेली, तरी ती दहा मिनिटांत कशी बसेल. पाहुणे खुर्चीत चुळबुळ करायला लागले. पडद्याआडून एक माणूस मला हाताने आवरा, आवरा करत होता. शेवटचं कडवं राहिलेलं, फार तर दोन मिनिटांचं. आता हे माईक बंद करतील, भर सभेत आपल्याला हाकलतील, असं माझ्या मनात आलं. हाकलून घेण्यापेक्षा आपण थांबलेलं बरं, म्हणून मी ढोलकीवर समेची, संपवायची थाप मारली. टाळ्या पडल्या. रामधनीचे हात वरच होते. त्याच हातांवरून त्याला शाल घातली.

ठाणे स्टेशनपर्यंत तो ती शाल काखेत मारून चालत आला. तिथे म्हणाला, "मास्टर, दुसऱ्या कोणी थांबवलं असतं तर मी गात राहिलो असतो."

मला तेव्हाच चुकलो म्हणता आलं असतं. मी म्हणालो, दीड तास ऐकायला हल्ली वेळ कोणाला आहे, तूच लांबवलंस. त्या दिवसापासून त्याने करतालला हात लावला नाही. एक अर्धा राहिलेला, दुसरा धरणार कसा. आणि वर्तकनगरची ती माणसं परत कुठे गोळा होणार… हे मला कळत होतं. तरी दोन वर्षं मी त्याच्या चाळीची पायरी चढलो नाही. माझा स्वभावच तसला आहे, त्याचं कौतुक नाही.

त्याच्या छातीत पाणी झालंय कळलं तेव्हा गेलो. भिंतीला उशी लावून बसलेला. मी म्हटलं, म्हण आता ते कडवं, मी ऐकतो. "तू तर वाजवणारा," म्हणाला, "ऐकणारे कुठे आहेत?" त्याची बायको चहा घेऊन आली आणि तेवढ्यावर ते बोलणं राहिलं.

तेराव्याला खोली भरलेली. मला वाटलं, एवढी माणसं आहेत, निदान नाव तरी होऊ दे. संतोषला म्हटलं, बाबांचं शेवटचं कडवं म्हण. तो ओशाळला. इथेच जन्मलेलं पोरगं, मोबाईलच्या दुकानात काम करतं, माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतं. त्याला एक ओळ येत नव्हती. मला सगळं पाठ होतं, पण मी त्या गुरूचा नाही, मला गायचा हक्क नाही. म्हणून मी उभा राहून नुसतं नाव घेतलं, मोठ्याने. गुरू सुखारी.

संतोषने हळूच विचारलं, "काका, हे कोण?"

मी सांगायला तोंड उघडलं. इतकी वर्षं ढोलकी वाजवली, पण त्या नावापलीकडे मी रामधनीला कधी काही विचारलंच नव्हतं.