भाकरी उतरत नाही, सिस्टर!

मी नगरच्या एका दवाखान्यात एंडोस्कोपीच्या खोलीत सिस्टर आहे. घशातून कॅमेरा घालून अन्ननलिका बघायची, हे आमचं काम. लग्नात जेवताना माणसं माझ्यापासून लांब बसतात, आणि हात धुतले की हळूच येऊन विचारतात, "काय गं, नवीन काय?" म्हणजे किस्से पाहिजेत! किस्से ढीगभर आहेत. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची इच्छा मात्र एकच, पूर्वीसारखं जेवायचं.

* * *

कोल्हारचे नाना घ्या. ऊसवाले, दांडगा गडी, तोंडात कायम तंबाखूचा बार. एक दिवस भाकरी छातीत अडकली. नानांनी निदान केलं, "पीठ जाड हाय!" नानींनी गिरणी बदलली. तरी अडकते म्हणून नाना गिरणीवाल्याशी भांडून आले. मग ज्वारी बदलली. मग भाकरी दुधात कुस्करून, आणि शेवटी नुसतं दूध. दूधही उतरेना तेव्हा आमच्याकडे आले.

कॅमेऱ्यात गाठ दिसली. कॅन्सर आहे, तंबाखूमुळे आहे, हे डॉक्टरांनी समजावलं. नाना म्हणाले, "त्या गिरनीवाल्याला उगाच शिव्या घातल्या की वो!"

* * *

जामखेडच्या मावशींना डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का?"

"शिवत बी न्हाई!"

आ केला तर दात काळेभोर. "आणि ही मिश्री?"

"ती व्हय? ती दात घासायला. दिवसातनं चार-पाच डाव." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे सांगेपर्यंत मावशींनी पिशवीतून डबी काढली होती. "सायेब, तुमचं दात पिवळं दिसत्यात. लावा जरा!"

* * *

देवळालीचे गुरुजी पक्के निर्व्यसनी. नुसती जळजळ, तीही वर्षानुवर्षांची, आणि वजन भरपूर. आता एकेक घास उतरायला पाव तास लागायचा. त्यांनाही अन्ननलिकेचा कॅन्सर निघालाच.

ते चिडले. "मी सुपारीसुद्धा खात नाही!"

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, याचे मुख्य प्रकार दोन. एक बहुतेक वर किंवा मध्ये होतो, तंबाखू, दारू, फार गरम पिणं यांच्यामुळे. तुमचा दुसरा. आम्ल सारखं वर येऊन खालचं अस्तरच बदलतं, तिथे होतो."

गुरुजींनी चष्मा पुसला. "जन्मभर पोरांना सांगितलं, सावकाश चावून खा. आता मला कुणीतरी म्हणावं हो, गुरुजी, भरभर खाऊ नका!"



* * *

हेच आमचे डॉक्टर स्वतः उकळता चहा घशात ओतायचे. एकदा बाकावर बसलेल्या एका आजोबांनी त्यांचा हातच धरला. "सायेब, फुका जरा. तुमाला काय झालं तर आमी कुनाकडं जायचं?"

तेव्हापासून साहेबांच्या चहावर साय धरते!

* * *

आता पुन्हा नाना. त्यांची गाठ काढण्यासारखी राहिली नव्हती. बाहेरून थेट पोटात नळी बसवली, त्यातून पेज आणि दूध. तोंडाने काही नाही. तपासणीला दोघं आली तेव्हा नाना तक्रारीच्या सुरात म्हणाले, "डॉक्टर, हिला सांगा. घरात भाकरी थापीत न्हाई. चोरून शेजारी जेवती."

नानी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "यांच्या म्होरं कसं खाऊ? घास फिरतो."

"मला वास तरी येऊ दे. थापल्याचा आवाज तरी ऐकू दे. घर मुकं झालंय."

डॉक्टर एवढंच म्हणाले, "थापा, नानी."

पुढच्या वेळी दोघं आली. नाना वाळले होते, पण दाढी करून, टोपी घालून. डॉक्टरांनी नानींना विचारलं, "थापली का?"

"थापली. म्होरं बसवून खायाला लावली यांनी. आख्खी."

"मग? कशी झाली होती?"

नानी तोंड उघडणार, तेवढ्यात नानाच म्हणाले,

"लई ग्वाड!"