पेटीच्या झाकणावरचे काका

आमची पलटण तेव्हा पंजाबात होती. मी चाकूरचा, लान्स नायक भगवान कंधारचा. खाटा शेजारी. तो रंगाने काळा. पहिल्याच दिवशी मी त्याला ‘तवा’ म्हणालो आणि आठवड्यात ते नाव कंपनीभर झालं.

भगवानने लोखंडी पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवला होता. काळा अमेरिकन धावपटू. गोऱ्या रक्ताचा डंका पिटणाऱ्या हुकूमशहासमोर त्याने चार सुवर्णपदकं जिंकली. मायदेशी मात्र बसमध्ये पुढच्या दाराने चढायची मुभा नव्हती. हे भगवान रोज सांगायचा.

मी म्हणायचो, “हा बी तवाच हाय.”

“हाव आप्पा. पण रंग नीट बघायला त्याच्या जवळ तर पोचाया पायजे.”

ब्रिगेडच्या क्रॉस कंट्रीसाठी कंपनीच्या संघात एकच जागा उरली होती. मुख्य दावेदार आम्ही दोघं. निवड सोमवारी, सगळ्या कंपनीच्या शर्यतीतून. निवडलेल्याला रोज जादा दूध आणि दोन अंडी. आमच्या घरी अंडं चालत नाही. तरी ती त्याला मिळू नयेत असं मला वाटत होतं.

झाकणाला फक्त देवाचा किंवा घरच्यांचा फोटो, हा सुभेदार साहेबांचा नियम. गुरुवारी मी गुपचूप त्यांच्या कानावर घातलं. शुक्रवारी सकाळी आठला किट इन्स्पेक्शन.

“हा कोण?”

“काका, साहेब.”

“सख्खे?”

“चुलत.”

साहेब माझ्याकडे वळले. तू शेजारच्या जिल्ह्यातला, याच्या काकांना ओळखतोस का, म्हणाले.

“नाही साहेब.”

खोटं बोलल्याबद्दल भगवानला तीन दिवस पिठ्ठू, म्हणजे पाठीवर वाळूचं ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या. फोटो पेटीच्या तळाशी गेला. सोमवारी तो दमलेला असणार, हा माझा बेत. पण तीन दिवसांनी पाठ मोकळी झाली आणि गडी सुटलाच. पहिला आला. मी अकरावा. दहावा आला तो लंगरचा आचारी, आणि तो नाडी बांधायला दोनदा थांबला होता.

दुसऱ्या सकाळी भगवानने दुधाचा मग माझ्यापुढे सरकवला. “घे आप्पा. माझी प्रॅक्टिस तूच करून घेतलीस.”

म्हणजे त्याला माहीत होतं. मी दूध प्यालो. माफी मागितली नाही.

दोन वर्षांनी काश्मीरमध्ये गस्तीच्या तुकडीवर बर्फाचा कडा कोसळला. सहा जण निघाले होते, पाच सापडले. रेडिओ सेटवर मी होतो. “भगवान, बोल. ओव्हर.” त्याला खऱ्या नावाने मी पहिल्यांदाच हाक मारत होतो. उत्तर आलं नाही.

गेलेल्याच्या सामानाची यादी शेजारच्या खाटेवाल्याने करायची, ही आमच्याकडची रीत. वर्दी, मफलर, धावायचे बूट. तळाशी फोटो. यादीत मी लिहिलं: ‘फोटो एक, काकांचा.’

सुभेदार साहेबांनी ती ओळ वाचली.

“ओळखतोस यांना?”

“हाव साहेब. चांगला ओळखतो.”

साहेबांनी सही केली.