मुलुंड ते बोरिवली, व्हाया तिसरा नेपोलियन

हल्ली मुलुंडहून बोरिवलीला जायचं तर मुलं मोबाइलवर गाडी बोलावतात. ऐंशीच्या दशकात मी हा प्रवास पहिल्यांदा केला तेव्हा बरोबर सासूबाई होत्या, त्यांच्या कडेवर माझी दीड वर्षांची लेक, आणि माझ्या पिशवीत फ्रान्सचा नकाशा. नवऱ्याची गिरणी बंद पडून वर्ष उलटलं होतं. बोरिवलीच्या एका मराठी शाळेत इतिहासाच्या बाईंची जागा होती, पण आधी नववीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय शाळेनेच ठरवलेला: तिसरा नेपोलियन, अंतर्गत सुधारणा आणि परराष्ट्र धोरण. लेक कुणाकडे राहीना, म्हणून ही वरात.

मुलुंडहून ठाणे, तिथून घोडबंदरच्या रस्त्याने लाल बस. तिकीट स्वस्त, धक्के फुकट. एका बाजूला जंगल, मध्येच खाडी. खिडकी डावीकडची धरावी. माझं लक्ष मात्र कुठे होतं! सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. ओठांतल्या ओठांत मराठी वाक्यं घोकत होते.

"गो, पुटपुटतंस काय? लोकांका वाटतला, मंतर घालतंस," सासूबाई म्हणाल्या आणि तांदळाचं घावन पुढे केलं. खोबऱ्याच्या चटणीसकट. असल्या प्रवासात डबा घरचाच न्यावा.

शाळेत मुख्याध्यापिका आणि दोन परीक्षक मागच्या बाकावर बसले. सासूबाई लेकीला घेऊन व्हरांड्यात. सुधारणा झकास रंगल्या: पॅरिसचे रुंद रस्ते, जमिनीखालची गटारं, बागा, रेल्वे, बँका. मग धोरण. रशियाविरुद्धच्या युद्धात जिंकला आणि काकासारखं, म्हणजे पहिल्या नेपोलियनसारखं, नाव व्हावं ही हाव वाढली. मेक्सिकोत सैन्य धाडलं, एका ऑस्ट्रियन राजपुत्राला तिथल्या गादीवर बसवलं.

इतक्यात व्हरांड्यात लेकीने भोकाड पसरलं. "आई! आई!" परीक्षकांनी माना वर केल्या. माझ्या हातातला खडू थांबला. बाहेर गेले तर नोकरी गेली, हे मला कळत होतं. मी नकाशाकडे वळले आणि शिकवत राहिले. सैन्य माघारी आलं, तिथल्या लोकांनी राजपुत्राला गोळ्या घातल्या, पुढे प्रशियाने सम्राटालाच कैद केलं. तो मेला इंग्लंडात, परमुलखात.

पाठ संपल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पाठ चांगला झाला. पण बाई, मूल लहान आहे. रोज एवढ्या लांबून झेपेल? उद्या कळवा."

परतीच्या बसमध्ये लेक माझ्या मांडीवर झोपली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"सगळा ऐकलंय मी खिडकीतून," सासूबाई म्हणाल्या. "खुळोच तुझो राजा. घर येवढा झकास केल्यान, मगे मेक्सिकोत कित्याक तडमडलो?"

"मी तरी दुसरं काय करतेय, आई?"

"गप गो! तू रोज सांजेक घराक येतलंस. तो खंय इलो?"

घरी नवऱ्याने भात टाकला होता. त्याने काही विचारण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "सोमवारपासून जातली ती. पोराक मी बघतंय."

पुढे निवृत्तीपर्यंत तोच रस्ता. कंबर गेली, घर उभं राहिलं. नेपोलियन दरवर्षी शिकवला, पण मनात रुतलंय ते वेगळंच. नोकरी लागून काही महिने झाले आणि एका सकाळी मी निघताना लेक रडलीच नाही. आजीच्या कडेवरून हसत हात हलवला तिने. त्या दिवशी घोडबंदरच्या रस्त्यावर, बसमध्ये, मी रडले.