थोरल्या घरांचं रक्त

चंपत आमच्या तहसील कचेरीतला रिटायर कारकून. गावात कोणाच्या घरी काय शिजलं ते बसल्या जागी सांगेल. बायको ताराबाई चहात साखर किती घेते ते मात्र ठाऊक नाही. मी विचारून पाहिलंय.

विहारात रक्तगट तपासणी झाली तेव्हा वही यानंच केली. आडनावाला एक अक्षर, माणसाला आकडा. थोरल्या भावाच्या घराला मोठी एबीसीडी, धाकट्याच्या घराला छोटी. मोठा के-चार म्हणजे थोरल्या घरातला चौथा, छोटा के-चार धाकट्या घरातला.

त्याची पुतणी शुभांगी हैदराबादेत प्रोग्रामर. दिवाळीत आली आणि वही मोबाइलवर चढवून गेली. प्रोग्रामात डिक्शनरी असते म्हणे. प्रत्येक नोंदीला एक ‘की’, म्हणजे किल्ली; ती दिली की नोंद हातात. गावकरी कसंही टाइप करतील म्हणून तिनं ठरवून टाकलं, लहान-मोठं अक्षर एकच समजायचं. चंपतनं बुद्धपौर्णिमेच्या साफसफाईत वही जाळूनही टाकली.

काल ताराबाईला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. लेक मीनल तिच्यापाशी. तिचा फोन आला, ऑपरेशन आहे, संध्याकाळपर्यंत ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे.

चंपतनं मोबाइल उघडला. एकही ओ निगेटिव्ह नाही.

"असं कसं? वहीत ओ निगेटिव्हले लाल रेघ मारली होती मी!"

"कोणाच्या नावाखाली?" मी विचारलं.

"थोरलं घर होतं. नाव आठवून नाई राह्यलं."

शुभांगीला फोन लावला. तिनं तिकडे प्रोग्राम उघडून पाहिला.

"काका, मी आधी थोरल्यांची नावं टाकली, मग धाकट्यांची. दोघांची की एकच धरली गेली. धाकटा थोरल्याच्या जागी जाऊन बसला."

"अन् थोरला काऊन उठला? ना भांडण, ना आवाज?"

"मीच तसं लिहिलं होतं, काका. आता एक ओळ बदलते, दोघं वेगळे राहतील. पण गेलेल्या नोंदी येत नाहीत. वही पाठवा, पुन्हा भरते."

चंपत माझ्याकडे बघायला लागला. एरवी टोमणा मारल्याशिवाय मी सोडला नसता.

मग आम्ही थोरल्या घरांत दारोदार निघालो. डोमाजी जेवत होता.

"माहा रक्तगट? ते तुमालेच माहीत ना, बाबू!"

सोनाबाईनं तर हातच पुढं केला, "घ्या, जे असंल ते घ्या."

दवाखान्यातच रक्त तपासून घेऊ म्हणून तीन वाजता थोरल्या घरांतली अकरा माणसं टेम्पोत बसवली. चंपत एकेकाचं तोंड निरखत होता, जणू रक्त तिथं दिसेल. मीनलचा फोन पुन्हा वाजला. त्यानं तो माझ्या हातात दिला.