चाकावरची पंगत

चाकाचा तिसरा डबाही रिकामाच वर गेला. दारावरच्या माणसाने मला इंग्रजीत विचारलं, "तुमची माणसं घाबरलीयत का?"

"नाही," मी म्हणाले. "एकमेकांना मान देतायत."

त्याला ते कळणं शक्यच नव्हतं.

मी टूर मॅनेजर आहे. ऑफिस विरारला, चंदनसारच्या बाजूला. आपल्याकडच्या माणसांना युरोप दाखवायचा आणि मोजून घरी आणायचं, हे माझं काम. त्या दिवशी आम्ही व्हिएन्नाच्या जुन्या चाकाखाली उभे होतो. चाक म्हणजे जत्रेतला आकाशपाळणाच. पण शंभर वर्षांहून जुना, आणि पाळण्यांच्या जागी खिडक्यांचे लाकडी डबे. आत उभं राहायचं आणि चाक बैलगाडीच्या चालीने वर जातं.

ग्रुप वसईकडच्या, चिंचोटीजवळच्या यमुनाकाकूंचा. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून बळीरामकाकांनी लेकीच्या सासरच्या मंडळींनाही टूरवर बोलावलं होतं. बुकिंगच्या वेळी काकूंनी मला एकच अट घातली होती. नातवाने मोबाइलवर दाखवलेलं चाक. "राजवाडे तुमी बगा. मना त्या चाकात बसव म्हंजे झाला."

आणि आता त्याच चाकापाशी घोडं अडलं होतं. ग्रुप दोन डब्यांचा. पहिल्या डब्यात आधी पाय कुणी ठेवायचा?

"तुमी चला अगोदर," काकू विहीणबाईंना म्हणाल्या. "पावने बसल्याबिगर घरची मानसा बसत नाय."

"आवो, सोहळा तुमचा, मान तुमचा," विहीणबाई मागे सरकल्या.

"असा कसा? तुमी पोराकडची मानसा."

मोठे हलेनात म्हणून त्यांच्या मागची धाकटी माणसंही हलेनात. थंडीचा, गर्दी नसलेला दिवस. दारावरचा माणूस थोडा वेळ वाट पाहायचा, दार लावायचा, डबा रिकामा पाठवायचा.

इकडे ड्रायव्हरचे तास संपत आले होते. हा प्रकार आपल्याकडे नाही म्हणून सांगते. तिकडे कोचच्या ड्रायव्हरने दिवसात किती ड्यूटी करायची ते कायद्याने ठरलेलं असतं. तास भरले की तो बस घेऊन निघतो, मग ग्रुपमध्ये कुणीही असो. तेवढ्यात विरारहून सरांचा फोन.

"ड्रायव्हर मला फोन करतोय. अजून खाली काय करताय?"

"सर, मानपान चाललंय."

सर पक्के वसईचे. त्यांना लगेच कळलं. "मग ते लवकर आटपत नाही. चाक कॅन्सल कर, सगळ्यांना हॉटेलवर घे."

मी काकूंना सांगायला गेले. त्यांना सगळं आधीच उमगलं होतं. "राहू दे बाय," त्या हसत म्हणाल्या. "मी खालूनच बगीन. खालून पन चाक दिसतं."

त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हसल्या, आणि माझं डोकं सणकलं. कॅन्सल करणार नव्हते मी.

"काकू, तुम्हाला आवतण कुणी दिलं? तिकिटं कुणी काढली? सकाळी चहा कुणी पाजला?"

"तू."

"मग यजमान कोण? काका खर्च करतात, पण टूर माझी आहे. इथे घरची मी एकटी. तुम्ही सगळे पाहुणे. पाहुणे दारात ताटकळत ठेवून माझी शोभा करू नका."

काकू बळीरामकाकांकडे बघायला लागल्या. काकांनी विहीणबाईंकडे पाहिलं.

विहीणबाईंनीच निकाल लावला. "बरोबर बोलतं पोर. आनि पावन्यांत मोठ्या तुमी." त्यांनी काकूंचा हात धरला आणि दोघी एकदमच डब्यात शिरल्या. त्यांच्या मागे बाकीची मंडळी भराभर चढली. काका उरलेल्यांना घेऊन दुसऱ्या डब्यात गेले.

डबा अगदी वर जाऊन थांबला. खिडकीत काकूंची हिरवी साडी दिसत होती. मला फार बरं वाटलं. मी ड्रायव्हरला फोन करून पाचच मिनिटं मागून घेतली.

सगळे उतरले. हेडकाउंट, म्हणजे आमची माणसांची मोजणी, बरोबर भरली. "चला, पळा," मी म्हणाले.

काकू दारातून हलेनात.

"आता तू बस."

"काकू, बस जाईल. आणि माझं काम खाली थांबायचं असतं."

"किती वर्सां आनतंस मानसांना इथं?"

"बरीच."

"आनि एकदा पन वर नाय गेलीस?"

 टूर मॅनेजरला तिकीट फुकट असतं, पण खाली बॅगा असतात, फोन असतात, कुणाची तरी चष्म्याची डबी असते.

"घरची मानसा मागून जेवतात," काकू म्हणाल्या, "पन जेवतात. उपाशी नाय ठेवीत कुनी." मागे विहीणबाईंनी माझ्या खांद्यावरची बॅग काढूनही घेतली होती.

काकू माझ्याबरोबर पुन्हा वर आल्या. मी व्हिएन्ना पहिल्यांदा वरून पाहिलं. नीट दिसलं नाही, डोळे सारखे भरत होते.

बस गेली. सगळा ग्रुप मेट्रोने हॉटेलवर आणला आणि सरांची बोलणी खाल्ली. तेव्हापासून वसईचा ग्रुप असला की चाकाला मी अर्धा तास जास्त धरते. आणि शेवटच्या डब्यात स्वतः बसते.