आबांचा पेनड्राइव्ह

कुणी चिंचेखाली काहीतरी दिसलं म्हणालं, की "काल किती घेतलीस?" असं विचारणारा मी माणूस. भूतबीत सगळं झूट! तरीपण हे सांगतोय... हसा, पण पूर्ण वाचा.

२००८ सालचा दसरा, गाव गडमुडशिंगी. खंडेनवमीला विळ्या-खुरप्यांबरोबर आईनं माझ्या कॉम्प्युटरचीही पूजा केली. हळदीकुंकू ठीक, पण तिनं सीडीचा ट्रे उघडा बघून त्यात अक्षता टाकल्या! ट्रे अडकला तो कायमचाच. आणि नेमकी दसऱ्यादिवशी विंडोजनं मान टाकली. आत ताईच्या लग्नाचे फोटो — फेटा बांधून हसणारे आबा, माझे वडील, त्यातच. आबा त्याच उन्हाळ्यात गेलेले. त्यांचा हसतानाचा दुसरा फोटो घरात नव्हता.

शेजारचा संजू कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. सीडी चालेना म्हणून त्याच्याकडून विंडोजशिवाय कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सची इमेज फाईल पेनड्राइव्हवर आणली, लावली... ढिम्म!

संजू ओरडला, "आरं मर्दा, फाईल नुसती कॉपी करून काय हुतंय? सॉफ्टवेअरनं इमेज चढवून ड्राइव्ह बूटेबल कराय लागतोय की, तवाच त्याच्यावरनं कॉम्प्युटर चालू हुतोय!"

केला बूटेबल. घरी आलो, तर आईनं दारातच अडवलं. "आदी देवाफुडं ठेव. मग लाव."

ठेवला, हात जोडले, उचलला, लावला... स्क्रीनवर अक्षरं पळाली आणि डेस्कटॉप उघडला! कॅमेरा जोडून सगळे फोटो त्याच्या कार्डात घेतले. आबा दिसल्यावर मी चक्क रडलो.

रविवारी संजूला मटणाला बोलावलं. त्यानं कौतुकानं तोच ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

"ह्यात नुसती भजनं हायती की रं!"

आबांना रेडिओला लावून ऐकायला मी भजनं भरून दिलेला ड्राइव्ह अगदी तसाच, काळा. ते गेल्यापासून आई तो देव्हाऱ्यात ठेवायची. गडबडीत मी तोच उचललेला. बूटेबल ड्राइव्ह गणपतीच्या मागं तसाच पडून होता.

मग आम्ही भजनांचा ड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला परत लावला, संजूच्या क्लासातल्या मशीनांनाही लावून बघितला. त्यावरनं एकही चालू होईना.

आईला मात्र काहीच नवल वाटलं नाही. आबांच्या नव्या फोटोला हार घालत म्हणाली, "जित्तं आसताना ह्यास्नी त्या कॉम्प्युटरच्या डबड्याचं बटण कदी घावलं न्हाय... आन् आता बघ!"