योल्दोश-अकांच्या छपरावरचं ऊन

आमच्या उझबेकी मर्गिलान शहरातल्या मोहल्ल्यात बोलतात, की पाहुणे दारात दिसले की योल्दोश-अका खटका पाडून वीज लपवतात. खोटं आहे. लपवायला वीज आधी घरात असावी लागते.

अका, म्हणजे आमचे थोरले दादा, पाळणे करतात. लाकूड कांतायचं यंत्र दिवसभर चालतं, म्हणून दोन गायी विकून त्यांनी छपरावर सोलर पॅनल बसवली. उन्हाळ्यात बिल जवळजवळ शून्यावर आलं, उरलेली वीज सरकारी तारेत जाऊन वर पैसेही आले. हिवाळ्यात धुक्यामुळे निम्मीसुद्धा निघेना, ते मात्र अका कुणाला सांगत नसत. चहाखान्यात घसा खाकरून म्हणायचे, "तुमची गेली की माझ्याकडे या. माझा सूर्य कुणाला विचारत नाही." हे मी इतकं हुबेहूब म्हणतो, की एकदा त्यांच्याच अंगणात त्यांच्या बायकोनं, हनीफा-ओपांनी, तेच आले समजून आतून विचारलं, "चहा टाकू का?"

जानेवारीत भर दुपारी वीज गेली, घरोघरचे हीटर बंद पडले. बाहेर लख्ख ऊन, अंगणात बर्फ. शेजारची दिलरबो तान्ह्या बाळाला पाळण्यासकट घेऊन अकांकडे आली. मागून तिची सासू, किटल्या नि चार्जर घेतलेले चार-पाच जण, आणि मी. अकांनी खटका दाबला. पुन्हा दाबला.

"तुमचा सूर्य जेवायला गेला का हो?" सासूबाईंनी विचारलं.

अकांचे कान लाल झाले. आमच्याकडे पाहुण्याला गारठ्यात बसवणं म्हणजे स्वतःचं नाक कापून घेणं. त्यांनी पाळण्यासाठी आणलेल्या फळ्या फोडून चूल पेटवली. बाळाला ऊब मिळाली, पण संध्याकाळपर्यंत लपवाछपवीची गोष्ट गावभर झाली.

त्यानंतर अका चहाखान्यात फिरकले नाहीत. मी नव्या फळ्या पोचवायला गेलो, तेव्हा खाली बघत म्हणाले, "बसवणाऱ्यानं सांगितलं होतं रे. तारेतली वीज गेली की हेही बंद पडतं, नाहीतर आपली वीज तारेत जाऊन खांबावर दुरुस्तीला चढलेला माणूस मरेल. बॅटरी घ्या म्हणाला. तिची किंमत ऐकली आणि नुसती मान डोलावली."

"मग सांगा की सगळ्यांना."

"कंजूष म्हणतात तेवढं पुरे. वर मूर्खही म्हणवून घेऊ?"

"तुम्हाला कोण म्हणतंय?" ओपा कणीक मळता मळता म्हणाल्या. "मला म्हणतात. तंदूरपाशी गेले की बायका पाठ फिरवतात. घर माझं ना, पाहुणे बघायचे मी."

अकांनी रंधा पुसून ठेवला. "उद्या सांगतो," म्हणाले.

"तुम्ही? चहाखान्यात?" मी म्हणालो. "सांगितलंत, तर मार्चातल्या नवरोजपर्यंत तुमची नक्कल बंद. पैज."

दुसऱ्या दिवशी भरल्या चहाखान्यात ते उभे राहिले. "वीज लपवली नव्हती. नव्हतीच. बॅटरीचे पैसे वाचवले आणि तोंड वाजवलं. हनीफाला बोल लावू नका." एवढं बोलून मान वर न करता बसले. कुणी हसलं नाही. कुणीतरी चहाची वाटी पुढे सरकवली.

नवरोजला अजून दोन महिने आहेत. परवा दिलरबोच्या सासूनं मूठभर बेदाणे देऊ केले, "एकदाच करून दाखव" म्हणून. मी बेदाण्यांकडे बघितलं आणि ते न घेता घरी आलो.